डिस्क गच्च भरली तेव्हा

परळच्या एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो ना, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तिथल्या सावंत सिस्टरांचा फोन आला. "अहो, रक्ताच्या पिशवीची नोंदच होत नाहीये! नोंदीशिवाय देता येत नाही, आणि ऑपरेशन सुरू झालंय."

बघतो तर सर्व्हरची डिस्क गच्च. लॉगचं रोटेशन, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीची जुनी पानं आपोआप काढून टाकणं, बंद पडून एकच फाइल फुगत गेली होती. मी ती उडवली, तरी जागा होईना!

शेजारी बसलेली माझी सहकारी मनाली म्हणाली, "आपल्या पायथनच्या प्रोग्रॅमने ती फाइल अजून उघडी धरून ठेवलीय रे, म्हणून जागा सुटत नाहीये. सर्व्हर रीस्टार्ट कर."

"आणि परत उठलाच नाही तर?"

मी डोळे मिटून एंटर दाबलं.

"झाली नोंद!" सिस्टर ओरडल्या आणि फोन तसाच टाकून धावल्या.

तासाभराने त्यांचा पुन्हा फोन आला. "पेशंट सुखरूप आहे. तुम्ही पाणी प्यायलात का?"