हळू चालवणारा पुढे

होडीच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे पिकल्या केसांचं एक जोडपं आपापली सायकल धरून उभं होतं.

"होडीने काय जायचं अगं? बसलो, उतरलो, की समोर समुद्र. मधली पाणथळ, लव्हाळ्यातले बगळे राहूनच जातात. बांधावरून जाऊ."

"अठरा किलोमीटर आहे ते. छातीचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत तुमच्या."

"डॉक्टरच म्हणाले, सायकल चालवा."

"घरापासून कोपऱ्यापर्यंत म्हणाले ते."

"मी जाणार. तू होडीने ये हवं तर, किनाऱ्यावर भेटू."

"तुम्हाला एकटं सोडून? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग चल की! दमलो तर थांबेन. शपथ."

"तुम्ही आणि थांबणार! बरं, येते. पण पुढे तुम्ही राहायचं."

"मी? तीस वर्षं तूच पुढे असतेस."

"हळू चालवणारा पुढे, म्हणजे कुणी मागे पडत नाही. नियम कुणाचा?"

"माझाच. पण..."

"पण काय?"

"तेव्हा हळू तू चालवायचीस."

खिडकीतून आवाज आला, "बोला काका, किती तिकिटं?"

"नकोत," म्हणत त्यांनी सायकल वळवली. "मागून सारखी घंटी वाजवायची नाही हं."

"तुम्ही कधी वाजवलीत?"

"मग तू मागे आहेस, हे मला कळणार कसं?"

"मला कसं कळायचं? तीस वर्षांत एकदा तरी वळून बघितलं का मी? चला, व्हा पुढे."