बैलानं सोडलेलं हैदराबाद

हसा लेको, पण हिंगोलीत हॉटेलाला बाग करणारा पहिला माणूस मीच. निजामाचा अंमल होता तेव्हा. चहाच्या बाकड्यांभोवती मी मुलखामुलखाचे वाफे केले होते: कोकणची अबोली, म्हैसूरचं शोभेचं गवत, हैदराबादचं रंगीत पानांचं क्रोटन. कुरुंद्याच्या सासऱ्यांनी दिलेली हळदही कोपऱ्यात लावली, त्यांचं मन मोडू नये म्हणून.

तहसीलदारसाहेब बाग बघायला येणार, नेमके त्याच दिवशी सासरे बैलगाडी घेऊन आले. मी बाजारातून परतलो, तर बागेत हळद तेवढी उभी.

"मामा, हे काय केलं?"

"लई तण माजलं होतं, जावईबापू. तुमाला सवड न्हाई, म्हणून मीच खुरपून काढलं. अन् गवत काहून लावून राहिले तुमी? बांधावर काय कमी हाय?"

उपटलेलं सगळं बैलापुढं टाकलेलं, अन् त्यानं रंगीत पानं तेवढी सोडून बाकी फस्त केलं होतं. मी ओरडलो, "अहो, ते कोकण होतं, ते म्हैसूर, अन् हे उरलंय ते हैदराबाद!"

तेवढ्यात साहेब दारात. "कहाँ है तुम्हारा बाग?"

मामाच हात जोडून पुढं झाले. "हुजूर, बैलानं कोकण खाल्लं, म्हैसूर खाल्लं, पण हैदराबादला तोंड लावलं न्हाई!"

साहेब पोट धरून हसले. "बड़ा वफादार बैल है!" म्हणाले, अन् खुशीत चहा पिऊन गेले.

साहेबांचा टांगा वळल्यावर मामा माझ्या कानाशी लागले. "वफादार कसला, जावईबापू! कडू लागलं म्हणून सोडलं त्यानं."