बाहुलीला लागलेली दृष्ट

प्रेस्कॉट सर: पुन्हा तेच. पुन्हा आपण हात लावलात.

येसेनिया: लावला नाही सर, लागला.

प्रेस्कॉट सर: कपाळावर सबंध तळवा लागला? पत्रकात स्पष्ट लिहिलं आहे, कुमारी लोंगोरिया. रुग्णाला अथवा त्याच्या बाळाला परवानगीवाचून स्पर्श झाल्यास परीक्षार्थी नापास. ‘लागला’ असं त्यात सदर नाही.

डोन्या कूका: अहो मास्तर, पोरीनं माझ्या बाळाला आधी गोड म्हटलं ना? मग हात नको लावायला? तोंडानं कौतुक करायचं आणि हात खिशात ठेवायचे, हे कुठल्या घरचं वळण?

प्रेस्कॉट सर: डोन्या कूका, आपलं काम आजारी बाळाच्या आईचं आहे. परीक्षा चालू असताना ती आई परीक्षकाशी बोलत नसते.

डोन्या कूका: मग ती आई कसली?

येसेनिया: सर, ही माझी तिसरी खेप. मुलांच्या दवाखान्यात सोमवारी रुजू व्हायचंय. स्पॅनिश बोलणाऱ्या परिचारिकेचा दाखला नसेल तर ते दुसरीला घेणार. आणि घरात जन्मापासून आम्ही स्पॅनिशच बोलतो हो. मिनेसोटाहून आलेला तो टायलर पास झाला, आणि मी इथली असून नापास होतेय. आजी आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही.

प्रेस्कॉट सर: टायलरनी दोन पावलं अंतर राखून बाळाच्या डोळ्यांची स्तुती केली. अत्यंत आदरपूर्वक.

डोन्या कूका: आणि तो गेल्यावर मला निस्तरत बसावं लागलं.

प्रेस्कॉट सर: काय निस्तरावं लागलं?

डोन्या कूका: काही नाही. तुम्ही परीक्षा घ्या.

प्रेस्कॉट सर: ठीक आहे. आत्ताचा प्रयत्न मी सराव म्हणून धरतो. पण ही शेवटची सवलत. दारापासून सुरुवात करा. कार्ड लक्षात आहे ना, डोन्या कूका? बाळ सहा महिन्यांचं, ओकाऱ्या होताहेत, मलूल पडलंय. आई लाजरी. तिनं घरी काहीतरी दिलेलं आहे आणि ते ती सांगत नाही. परिचारिकेनं ते काढून घ्यायचं.

डोन्या कूका: पाठ आहे. नारिंगी पूड. बाळाच्या पोटात अन्न अडकलं की द्यायची. तिच्यात शिसं असतं.

प्रेस्कॉट सर: मोठ्यानं कशाला सांगता? ही समोर उभी आहे.

डोन्या कूका: तिनं ऐकलं नाही. पोरी, ऐकलंस का गं?

येसेनिया: नाही.

प्रेस्कॉट सर: ऐकलं असलं तरी ते आईच्या तोंडून यायला हवं. त्याशिवाय गुण नाहीत. चला.

येसेनिया: नमस्कार, बाई. मी येसेनिया. कशा आहात? घरी आई कशी आहे तुमची?

डोन्या कूका: देवाच्या कृपेनं बरी आहे. गुडघे तेवढे धरलेत.

प्रेस्कॉट सर: छान. आता बाळाचं कौतुक. त्याला दोन गुण आहेत.

येसेनिया: किती गोड आहे हो बाळ. डोळे तर बघा.

प्रेस्कॉट सर: हात मागे. उत्तम. पुढे चला.

येसेनिया: काय होतंय त्याला?

प्रेस्कॉट सर: डोन्या कूका, उत्तर द्या.

येसेनिया: सर, त्या बाहुलीला शालीत गुंडाळताहेत.

प्रेस्कॉट सर: दिसतंय मला. डोन्या कूका, शाल कशासाठी?

डोन्या कूका: हिनं नजर टाकली, डोळ्यांचं नाव घेतलं आणि हात मागे ठेवला. कौतुक करून हात लावला नाही की दृष्ट लागते. आता मी हिच्याशी काय बोलू? मी बाळ घेऊन घरी निघाले.

प्रेस्कॉट सर: आपण घरी जाऊ शकत नाही. बाहुली महाविद्यालयाच्या मालकीची आहे.

येसेनिया: सर, मी परवानगीच मागते ना. बाई, बाळाला हात लावू का?

डोन्या कूका: असं विचारतात होय? विचारतेस म्हणजे तुझ्या मनात किंतु आहे.

प्रेस्कॉट सर: फक्त ‘हो’ म्हणा, डोन्या कूका. एक शब्द.

डोन्या कूका: कार्डावर लिहिलंय, आई लाजरी. लाजरी बाई परक्यासमोर ‘हो’ म्हणेल का? तुम्हीच सांगितलंत, कार्डाबाहेर जायचं नाही.

प्रेस्कॉट सर: म्हणजे कौतुक केलं नाही तर दोन गुण जातात. कौतुक करून स्पर्श केला तर नापास. स्पर्श नाही केला तर आई बोलत नाही. आणि परवानगी मागितली तर आई लाजते.

येसेनिया: हेच मी मागच्या दोन्ही खेपांना सांगत होते, सर.

(शालीतली बाहुली अचानक भोकाड पसरते.)

प्रेस्कॉट सर: कळ कोणी दाबली?

डोन्या कूका: कळ नाही दाबली कुणी. लागली तिला.

प्रेस्कॉट सर: यंत्राला काही लागत नसतं. तिची मान नीट धरली नाही की ती रडते, तशीच बनवलेली आहे. द्या इकडे. मान धरली. आता गप्प व्हायला हवी.

येसेनिया: वाढलंच, सर.

प्रेस्कॉट सर: सेल काढून टाकतो. झाकणाला स्क्रू आहे. पेचकस खालच्या कचेरीत असेल, पण तिथले लोक जेवायला गेलेत. कृपा करून कोणीतरी हिला थांबवा. मला हा आवाज खरंच सहन होत नाही. घरी हाच, इथंही हाच.

डोन्या कूका: अगं, माझी पिशवी दे. त्यात रुमालात गुंडाळलेलं अंडं आहे. जपून.

येसेनिया: कच्चं?

डोन्या कूका: उकडलेल्यानं कधी दृष्ट काढली आहे का कुणी?

प्रेस्कॉट सर: आपण परीक्षेला कच्चं अंडं घेऊन येता?

डोन्या कूका: मग काय करू, मास्तर? तुमची पोरं एकामागून एक येतात, हिचे डोळे, हिचे गाल, हिची जावळं, सगळ्याची तारीफ करतात आणि हात न लावता चालती होतात. प्रत्येक परीक्षेनंतर मी हिची दृष्ट काढते. नाहीतर ही बाहुली एवढी टिकली असती का?

येसेनिया: सर, मी काढू का? मला येते. आजीनं शिकवलंय.

प्रेस्कॉट सर: मला काहीही विचारू नका. मी हात कानावर ठेवलेत.

येसेनिया: ये गं बाळा. कपाळ, छाती, पोट. बाई, तुम्ही पाय धरा. असं. कधीपासून किरकिरतंय हे?

डोन्या कूका: परवापासून गं. दूध पाजलं की भडाभडा ओकतंय.

येसेनिया: घाबरलात ना?

डोन्या कूका: घाबरणार नाही तर काय. पहिलटकरीण मी.

येसेनिया: साहजिक आहे. अंडं फिरवलंत घरी?

डोन्या कूका: सासूनं फिरवलं.

येसेनिया: बरं केलं. आणि त्याखेरीज काय दिलंत? माझी आत्या सीमेपलीकडून, मेक्सिकोतल्या रेनोसाहून, एक पूड आणायची, तसलं काही?

डोन्या कूका: तसलंच. नारिंगी. चिमूटभर, दुधातून. वाईट नाही ना ते?

येसेनिया: तुम्ही चांगल्यासाठीच दिलंत. पण त्यात शिसं असतं हो, बाळाला बाधतं. आता नका देऊ. उरलेली पूड मला आणून द्या, डॉक्टरांना दाखवते. आणि बाळाचं रक्त तपासायचंय, आजच. मी बरोबर येते.

डोन्या कूका: अगं बाई, गप्प झाली.

प्रेस्कॉट सर: सेल संपले असावेत.

डोन्या कूका: असतील.

प्रेस्कॉट सर: मी हा वर्ग घ्यायला लागल्यापासून ती पूड आपण एकाही विद्यार्थ्याला सांगितलेली नाहीत. टायलरलासुद्धा नाही. मला वाटायचं, प्रश्न फार अवघड काढलाय.

डोन्या कूका: प्रश्न सोपा आहे. ते परक्यासारखे विचारतात.

येसेनिया: सर, मी पुन्हा हात लावलाय. आठवण करून देते. नापास धरायचं असेल तर आत्ताच सांगा, दवाखान्याला कळवायला हवं.

डोन्या कूका: थांब गं. खिडकीतून बघ, एक पांढरी गाडी अजून खाली घिरट्या घालतेय. सकाळपासून बघतेय मी. मास्तर, बिनकागदाच्यांना देशाबाहेर काढणारी सरकारी माणसं नाहीत ना ती? माझे कागद पक्के आहेत, पण कॅन्टीनमधल्या पोरींना सांगून ठेवायला हवं.

प्रेस्कॉट सर: सरकारी नाही. माझी आहे.

येसेनिया: तुमची? मग चालवतंय कोण?

प्रेस्कॉट सर: माझी बायको, लॉरेल. मागच्या सीटवर आमची मुलगी आहे. दीड महिन्याची. गाडी चालू असली की झोपते. थांबली की रडते. म्हणून लॉरेल फिरवत राहते.

डोन्या कूका: सकाळपासून?

प्रेस्कॉट सर: जन्मल्यापासून, जवळजवळ.

येसेनिया: ताप आहे?

प्रेस्कॉट सर: नाही.

येसेनिया: दूध पिते? वजन वाढतंय? लंगोट ओले होतात?

प्रेस्कॉट सर: सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी दोनदा नीट तपासलं. म्हणाले, काही बाळं अशीच असतात.

येसेनिया: असतात, सर. खरंच असतात. आणि तुम्ही दोघं कसे आहात?

प्रेस्कॉट सर: हे पत्रकात नाही.

येसेनिया: माहितीये.

प्रेस्कॉट सर: लॉरेल रडते. म्हणते, या गावाला आपण आवडलो नाही. शेजारपाजारचे लोक येतात, खायला तमाले आणून देतात, मुलीकडे बघून हसतात, किती सुंदर म्हणतात, आणि एकदम कसनुसं तोंड करून निघून जातात. एकदा आलेलं माणूस पुन्हा येत नाही.

डोन्या कूका: हात लावतात का तिला?

प्रेस्कॉट सर: बाबागाडीला पाटी आहे. विचारल्याशिवाय बाळाला हात लावू नये. स्पॅनिशमध्ये. मीच लिहिली. व्याकरण अगदी शुद्ध आहे.

डोन्या कूका: अरे देवा. सगळ्या गल्लीची नजर त्या पोरीवर, आणि हात एकाचाही नाही.

येसेनिया: डोन्या कूका, हळू.

प्रेस्कॉट सर: बोलू द्या त्यांना. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डोन्या कूका: नसू दे. मी तुम्हाला कुठं विचारलं?

येसेनिया: सर, एक मिनिट. रडण्याचं औषध आमच्याकडे नाही, तसं मी म्हणणारही नाही. पण त्यांना वर बोलवा. बाळ आम्ही धरतो, तुम्ही दोघं थोडं बसा. माझ्या निकालाचं नंतर बघू.

प्रेस्कॉट सर: निकाल मघाशीच लिहिला मी. आपण आईच्या तोंडून ती पूड वदवून घेत होतात तेव्हा.

येसेनिया: काय लिहिलंत?

प्रेस्कॉट सर: थांबा, फोन लागतोय. हॅलो, लॉरेल? गाडी थांबव. हो, बंदच कर. तिला घेऊन वर ये. रडली तर रडू दे गं. इथं दोघीजणी आहेत, हात लावायला.