हात म्हटल्याशिवाय

बाजीराव : आरं पण हौसा, चौघं तरणीताठी पोरं भायेर उभी हाईत. चाकाच्या खुर्चीसकट उचलत्यात आन् टेम्पोत ठेवत्यात. तुला काय करायचंय त्यात?

हौसेराव : तेच तर. मला काय करायचंच नसतंय.

राजाबाई : अवं, तिकडं मार्केटात गुरुजी येऊन बसल्यात. हमालांच्या टोळीच्या सत्यनारायणाला औंदा आपलं जोडपं बसायचंय. मी पैठणी नेसून घामानं भिजले आन् तुमी दारातच अडून बसा.

हौसेराव : यायचं न्हाय असं कुठं म्हणलो? उचलायचं न्हाय म्हणलो.

बाजीराव : लेका, थप्पी कोसळली तवा बटाट्याच्या गोण्यांखालनं तुला कुनी काढला? आमीच उचलला की.

हौसेराव : तवा उचललंत ते लई उपकार झालं, मुकादम. पन तवापासनं खाली ठेवायचं नावच घेत न्हाय तुमी.

राजाबाई : असं वाकडं बोलू नये. भावजी दवाखान्यात रातध्याड बसून होते.

हौसेराव : होते. आन् टोळीतल्या मानसिंगच्या लग्नात काय केलं ते पन इचार.

बाजीराव : काय केलं? जिलबीचं ताट पहिलं तुला दिलं.

हौसेराव : हॉलात नेलंत आन् भिंतीकडं तोंड करून ठेवलंत.

बाजीराव : ते सवयीनं झालं गड्या. गोणी लावताना तोंड आतच घेतो न्हवं आपण.

हौसेराव : अख्खं लग्न मी भिंत बघितली. मागनं डोक्यात अक्षता पडल्या तवा कळलं, लागलं म्हणून.

राजाबाई : मी आपली बायकांत. मला वाटलं रुसून बसल्यात.

बाजीराव : बरं, चुकलं. आता तोंड बरोबर ठेवू. पोरांना सांगतो. ए हिरामण—

हौसेराव : मुकादम, आत नका बोलवू कुनाला. ह्या दाराला उतार केलाय ना, तो कशापायी केला?

बाजीराव : तुझ्यापायी. टोळीनं केला. टोळीचं पैलं बांधकाम हाय ते.

राजाबाई : दुसरं. पैली ती ट्रकची फळी लावलेली.

बाजीराव : वहिनी, ते ट्रायल होतं.

राजाबाई : ट्रायल म्हंजे? माल चढवायची फळी पायऱ्यांवर टेकवली, खुर्चीत कांद्याची गोणी बसवली आन् दिली सोडून. गोणी सुसाट गेली ती शकुबाईच्या पापडांतनं. ती बाई अजून आपल्या दाराकडं बघून थुंकती.

बाजीराव : माझं म्हननं, गोणी टिकली तर माणूस टिकंल.

हौसेराव : गोणी कुठं टिकली? फुटली.

बाजीराव : म्हणून तर सिमेंटचा केला. अपंगांच्या केंद्रातल्या उज्ज्वलाबाईंनी यिऊन उताराच्या मापाची दोरी लावून दिली. आमी म्हणलं, बाई, एवढा लांबलचक उतार? ह्यात तर माणूस झोप काढंल. त्या म्हणल्या, तेच पायजे. मस्त बाई. पन कडक.

हौसेराव : त्याच बाईंनी मला ही चाकं फिरवायला शिकवली. हाताला फोड आले तरी सोडलं न्हाय. कंबरंखाली काय राह्यलं न्हाय म्हणून मी रडलो, तर म्हणल्या, कंबरंवर काय काय हाय ते सांगा.

राजाबाई : ह्यांनी सांगितलं, तोंड.

बाजीराव : त्याची ग्यारंटी मी देतो.

हौसेराव : हसा. पन मुकादम, हा उतार झाल्यापासनं एकदा तरी मी त्याच्यावरनं उतरलो का? तुमी सगळे येता आन् उताराच्या बाजूनं मला उचलून नेता.

बाजीराव : टायम वाचतो ना राव.

हौसेराव : आज मी माझा जानार. गल्लीच्या तोंडापातूर, टेम्पोपातूर. टोळीच्या पूजेला मला गोणी म्हणून जायचं न्हाय. तसंच न्यायचं असंल तर दुसरं जोडपं बघा. आन् मग परत कधी बोलवू पन नका.

राजाबाई : अवं, काय बोलताय.

हौसेराव : खरं तेच बोलतोय. घरात बसून भिंतच बघायची तर इथली बरी.

बाजीराव : आन् मधी पडलास म्हंजे?

हौसेराव : टोळीत मी पैल्या दिवशी आलो तवा तुमी काय सांगितलं होतं? ज्याच्या पाठीवर गोणी—

बाजीराव : —त्यानं हात म्हटल्याशिवाय कुनी हात लावायचा न्हाय. तोल जातो.

हौसेराव : आन् मी एकदा गोटीरामच्या गोणीला मागनं टेकू दिला तर?

बाजीराव : अख्ख्या गाळ्यासमोर कानाखाली काढली तुझ्या.

हौसेराव : मग. बाई पन हेच म्हणल्या, आधी इचारा, मग हात लावा. मला वाटलं ही बाई मार्केटात कधी येऊन गेली?

राजाबाई : भावजी, आता काय बोलता?

बाजीराव : काय बोलणार, वहिनी. माझाच नेम माझ्या गळ्यात. ए पोरांनो, मागं व्हा सगळी. कुनी खुर्चीला बोट लावायचं न्हाय. हौसानं हात म्हटलं तरच. हिरामण, हसतो काय? मागं हो.

(हौसेराव उतारावरून एकटाच खाली येतो. गल्लीच्या तोंडाशी, गटारावरच्या दोन लाद्यांच्या फटीत खुर्चीचं पुढचं चाक अडकतं.)

राजाबाई : अगं बाई. भावजी, बघताय काय?

बाजीराव : बघतोय. गोणी त्याची हाय.

राजाबाई : ऊन किती लागतंय त्यांना.

बाजीराव : आमाला पन लागतंय. हिरामण, हात खिशात घाल. दोन्ही.

हौसेराव : मागं घ्यायची... जरा हिसका... मग पुढं. बाईंनी दाखवलेलं.

राजाबाई : बसलं आनखी आत. उतार आमचा आन् फट नगरपालिकेची. शकुबाई पन दारात आली बघायला.

हौसेराव : काय म्हणती?

राजाबाई : म्हणती, एवढी धट्टीकट्टी माणसं उभी आन् एक पन कामाचा न्हाय.

बाजीराव : शकुबाई, टोळीचा नेम हाय. तुमी आत जावा.

राजाबाई : ती म्हणती, पापडं मोडताना नेम कुठं गेलेला?

हौसेराव : मुकादम, गुरुजी थांबत्याल का?

बाजीराव : न थांबून कथा सांगतील कुनाला? जोडपं तर हितं हाय. तू तुझं कर. आमी आज सुट्टीच घेतलीया.

हौसेराव : पोरं अशी का उभी हाईत, मेल्यागत?

बाजीराव : जीव जातोय त्यांचा. जन्मात कधी एवढा वेळ वजनासमोर मोकळ्या हातानं उभी न्हाय राह्यली.

राजाबाई : अवं, ऐका. तुमी उतरलात. मी बघितलं, गल्लीनं बघितलं. गुपचूप राहून आता काय मिळवताय? गोणीनं कधी तोंड उघडलंय का? तुमाला तर देवानं तेच दिलंय.

हौसेराव : ...मुकादम.

बाजीराव : बोल.

हौसेराव : पुढचं चाक तेवढं. बाकी मी बघतो.

बाजीराव : मंग म्हण की. नेम हाय.

हौसेराव : हात. पन एकाचाच.