आत्याचा हात

बल्ब घ्यायला आलेला शिंपी विजेच्या दुकानात रांगेत उभा होता. पुढे दोघे साडू बोलत होते.

"गाण्याचा आवाज वाढवणारा व्हॉल्व्हचा प्रीअँपचा डबा घरीच बनवला, पण गाण्यापेक्षा घुंऽऽच जास्त!"

"सगळ्या अर्थिंगच्या तारा एकाच स्क्रूला आवळल्यात?"

"आवळल्या. पण आमच्या आत्यानं डब्यावर हात ठेवला, तरच घुंऽऽ थांबतं."

"अहो, मग डब्यालाच अर्थिंग नाहीये! एक तार टाका."

"तीच घ्यायला आलोय. सकाळपासून आत्या हात ठेवून बसलीय. बायको घास भरवते... थांबा, तिचाच फोन. हं, बोल... तार नको?"

"का हो?"

"हात हलेल म्हणून एरवी दिवसभर बडबडणारी आत्या सकाळपासून चकार शब्द बोललेली नाही."

साडू रिकाम्या हातानं परतले. शिंपी पुढे सरकला.

"बल्ब राहू द्या. तो डबा बनवायला काय काय लागतं?"