चौदाव्या घराची लिंक

(पेण एस.टी. स्टँडसमोरचं प्रणिताचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. पालखी समितीची वेबसाइट तीच सांभाळते. स्टुलावर समितीचे अध्यक्ष हैबतराव. गडबच्या बसने नुकत्याच उतरलेल्या गिरजाबाई उभ्याच.)

गिरजाबाई : म्हंजे तेरा झालं की एकदम पंधरा. आणि मधी मी.

हैबतराव : मधे तुम्ही नाही वहिनी. मधे काहीच नाही. तेरावं घर माझं. तिथून पालखी चार छप्पन्नला निघेल, पंधराव्याला चार अठ्ठावन्नला पोचेल. वेबसाइटच्या कॅलेंडरवर तसं जाहीर झालंय.

गिरजाबाई : माझं आंगण वाटेतच हाय. देवाला उडवत नेणार काय?

हैबतराव : समोरून जाईल. थांबणार नाही.

गिरजाबाई : ऐक गो पोरी. लग्न होऊन आले त्याला एकावन्न वर्सं झाली. बहिरीदेवाची पालखी दरसाल माझ्या दारात थांबली. आमचे हे गेले, घरात सुतक, तरी थांबली. शेजारणीनं ओवाळलं, मी खिडकीतून बघितलं. आणि परवा तुझ्या कॅलेंडरात नाय म्हणून देव पुढं जाणार?

प्रणिता : आजी, मी कॅलेंडर भरते, देव चालवत नाही. त्यात प्रत्येक घराचा थांबा हा एक कार्यक्रम. त्यावर बोट ठेवलं की त्या घराच्या माहितीचं पान उघडलं पाहिजे, असा समितीचा यंदाचा ठराव आहे. पान नसेल तर थांबा दिसत नाही.

गिरजाबाई : कोणाला दिसत नाय?

प्रणिता : बाहेरगावच्या मंडळींना. ठाणे, डोंबिवली, कुवेत.

गिरजाबाई : ती मंडळी दारात उभी असतात काय?

हैबतराव : त्यांच्यासाठीच तर हे केलं. शाळेसमोरचा आपला महमूद कुवेतहून लाइव्ह बघतो. गेल्या वर्षी त्याने मुद्दाम कळवलं, की गावात पहिल्यांदाच एखादी गोष्ट वेळेवर झाली.

प्रणिता : पालखी सात मिनिटं आधी पोचली होती. मग सात मिनिटं उन्हात उभी केली. भोई मला फोन करून विचारत होते, वेळ थोडी अलीकडे घेता येईल का.

हैबतराव : शिस्तीला सुरुवातीला ऊन लागतंच.

गिरजाबाई : मंग माझंपण पान कर. त्यात काय एवढं?

प्रणिता : अर्ज आला होता तुमचा. नूतनताईंनी रोह्याहून भरून पाठवला. तो परत गेला.

गिरजाबाई : माझी पोरगी मला बोलली नाय तसं. नुसतं बोलली, आई, या वर्षी पालखीला माझ्याकडंच ये. मला वाटलं, माया आली.

हैबतराव : वहिनी, मी नाही परत केला. सॉफ्टवेअर घेत नाही. 'घरातील कर्ता पुरुष' हा रकाना रिकामा होता. तो भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. माझ्या हातात असतं, तर तुम्हाला इथवर यायला लावलं असतं का?

गिरजाबाई : मालक गेले. मुलगा झाला नाय. आता पुरुष आणू कुठून? जोह्याला मूर्तीच्या कारखान्यात ऑर्डर देऊ? गणपतीच्या आधी देतील रंगवून.

हैबतराव : थट्टा नको. समितीने तोडगा काढलाय. तुमचा थांबा माझ्या पानाला जोडायचा. घर क्रमांक चौदा, माहितीसाठी घर क्रमांक तेरा पाहावे.

गिरजाबाई : म्हंजे माझ्या घरावर बोट ठेवलं की तुम्ही निघणार.

प्रणिता : फोटोंसकट. काकांचे एकवीस आहेत.

हैबतराव : बावीस.

गिरजाबाई : नको. त्यापरीस पालखी जाऊ दे सरळ.

हैबतराव : मग तक्रार करू नका.

गिरजाबाई : तक्रार करीनच. पंधरावं घर पोपटचं. दाराला कुलूप, पायरीवर गवत. गेल्या साली देव कुलपासमोर दोन मिन्टं उभा व्हता. ना आरती, ना नारळ. भोई आधीच माझ्याकडं पाणी पिऊन गेले म्हणून बरं.

हैबतराव : पोपटचं पान मात्र उत्तम आहे. इंग्रजीतही आहे.

प्रणिता : आजी, अर्ज उघडलाय. गिरजाबाईच लिहू ना?

गिरजाबाई : कशात?

प्रणिता : कर्त्या पुरुषाच्या रकान्यात. हे बघा, लिहिलं. घेतलं.

हैबतराव : घेतलं?

प्रणिता : हिरवी खूण आली. त्याला रकाना भरलेला लागतो. आत कोण आहे ते बघत नाही.

हैबतराव : पण वर स्पष्ट 'पुरुष' लिहिलंय.

प्रणिता : ते तुम्ही लिहायला लावलंत काका. मुळात तिथे नुसतं 'नाव' होतं.

गिरजाबाई : असं हाय तर.

हैबतराव : ठरावात तसं होतं. म्हणजे ठराव मीच मांडला होता, पण मंजूर सगळ्यांनी केला. आता बदलायचं तर बैठकीत ठेवावं लागेल.

प्रणिता : बैठक कधी?

हैबतराव : पुढच्या महिन्यात.

गिरजाबाई : आणि पालखी परवा. भावजी, लहानपणी पालखीच्या दिवशी तुम्ही माझ्या ओटीवरून हलत नव्हता, खोबऱ्यासाठी. तवा ठराव नव्हता म्हणून बरं.

हैबतराव : जुन्या गोष्टी काढून नियम बदलत नसतात वहिनी.

प्रणिता : काका, एक अडचण सांगू? तुमच्या घराचा चढ चढून आले की भोई चौदाव्या घरी खांदा बदलतात. तिथला थांबा नसेल तर ते तुमच्याच दारात बदलतील. पाणीही तिथेच मागतील. दोन मिनिटांची दहा होतील.

हैबतराव : होऊ देत.

प्रणिता : उशीर झालेला थांबा कॅलेंडरवर लाल दिसतो. घराच्या नावासकट.

हैबतराव : सगळीकडे?

प्रणिता : कुवेतलासुद्धा.

हैबतराव : यंदापुरतं घे. तात्पुरतं, अध्यक्षांच्या अधिकारात. तसं खाली लिहून ठेव.

प्रणिता : त्याला रकाना नाही काका.

हैबतराव : मग राहू दे.

गिरजाबाई : झालं काय गो? मला पाचची गाडी हाय. आंगण सारवायचं राहिलंय.

प्रणिता : तीन रकाने उरले. शिक्षण?

गिरजाबाई : तिसरी. लिही चौथी, कोण बघायला येतंय?

प्रणिता : मुंबईचा पत्ता?

गिरजाबाई : नाय.

प्रणिता : 'नाय' घेतलं. आता शेवटचा. उल्लेखनीय कार्य.

गिरजाबाई : कसलं कार्य? कोणाचं लगीन?

हैबतराव : तसं नाही वहिनी. घराने गावासाठी काय केलं, ते. मी पतसंस्था लिहिलीय. पोपटने परदेश दौरे लिहिलेत. काहीतरी सांगा, तो रकाना रिकामा घेतच नाही. हे खरंच घेत नाही.

गिरजाबाई : मंग लिही, पालखी येते तवा घरी असते.