डोंगरातली बिनखुणेची जागा

गुडघ्याच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. शेजारी माझ्याच वयाची एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांचे आवाज असे, की ऐकायचं नसेल तर मलाच उठून जावं लागलं असतं. मी कशाला उठू?

"ताई, ऑपरेशनच्या आधी डोंगरात जाऊ. लहानपणी अण्णा आपल्याला नेऊन तंबू ठोकायचे ना, तिथेच एक रात्र झोपू."

"गुडघा माझा गेलाय, डोकं तुझं. ती जागा सापडणार आहे का?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला, झाडीत. थोडं सपाट होतं बघ."

"तसं डोंगरभर आहे. चुलीचे दगड ओढ्यात कोणी फेकले?"

"अण्णांनी सांगितलं म्हणून मी."

"आणि राख मी पुरली. तंबूखाली दबलेलं गवतसुद्धा काठीने उभं करायला लावायचे. म्हणायचे, आपण इथे झोपलो हे हरणालाही कळता कामा नये."

"नळ नाही, दिवा नाही, माणूस नाही. तू रात्रभर माझा सदरा धरून ठेवायचीस."

"मी? तू माझी वेणी धरायचास, खोटारड्या!"

"खुणेला एक दगड तरी ठेवायचा होता गं."

"अण्णांनी कान उपटला असता."

"मग राहू दे?"

"राहू दे कसं? जिथे कोणाचीच खूण नसेल, तिथे झोपायचं. ती आपली जागा नव्हे, असं कोण सांगणार?"

तेवढ्यात तिचा नंबर आला. दार लोटायच्या आधीच ती सुरू झाली.

"डॉक्टर, ऑपरेशन पुढे ढकला. आत्ता फक्त एक रात्र जमिनीवर झोपून सकाळी उठता येईल, एवढं बघा."